छोट्या वकिली कार्यालयाचे संकेतस्थळ आणि कायदेविषयक लेखन: ठाणे-नवी मुंबईतील वकिलांसाठी

ठाण्याच्या जिल्हा न्यायालयात किंवा बेलापूरच्या न्यायालयात स्वतंत्रपणे काम करणाऱ्या बहुतेक वकिलांकडे अशील येतो तो ओळखीतून. जुन्या अशिलाने शेजाऱ्याला नाव सुचवलेले असते, सोसायटीच्या सेक्रेटरीने सभेत उल्लेख केलेला असतो किंवा एखाद्या चार्टर्ड अकाउंटंटने फोन नंबर दिलेला असतो. मात्र हल्ली नाव हाती आल्यावर माणूस लगेच फोन करत नाही. आधी मोबाइलवर ते नाव शोधून पाहतो. हे वकील खरोखर कुठे बसतात, सनद कधीची आहे, आपल्यासारखी कामे करतात का, एवढेच त्याला जाणून घ्यायचे असते. तिथे काहीच सापडले नाही, किंवा चार वर्षांपूर्वी सोडलेल्या जुन्या कार्यालयाचा पत्ता सापडला, तर सुचवलेल्या नावावरचा त्याचा विश्वास थोडा डळमळतो आणि तो दुसऱ्या नावाकडे वळतो. छोट्या कार्यालयाच्या संकेतस्थळाचे मुख्य काम हा डळमळलेला विश्वास सावरण्याचे आहे. अनोळखी माणसांना खेचून आणणे हे त्याचे काम नाही आणि कायद्याने तसे करताही येत नाही. या लेखात सांगितलेले जवळजवळ सर्व काही याच एका समजुतीवर उभे आहे.

नियम काय सांगतो

संकेतस्थळ बनवणाऱ्याला बोलावण्याआधी प्रत्येक वकिलाने बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या व्यावसायिक आचारसंहितेतील नियम ३६ पुन्हा एकदा शांतपणे वाचावा. परिपत्रके, जाहिराती, दलाल, वैयक्तिक संपर्क, वृत्तपत्रांतून घडवून आणलेली वक्तव्ये, आपण चालवत असलेल्या खटल्याच्या संदर्भात प्रसिद्ध करवून घेतलेली छायाचित्रे, यांपैकी कोणत्याही मार्गाने, प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे, काम मागण्यास किंवा जाहिरात करण्यास हा नियम मनाई करतो. नावाची पाटीसुद्धा वाजवी आकाराचीच असावी, आणि आपण बार कौन्सिलचे वा वकील संघटनेचे अध्यक्ष किंवा सदस्य आहोत, पूर्वी न्यायाधीश होतो किंवा अमुक प्रकारच्या कामातले विशेषज्ञ आहोत, असे काहीही तिच्यावर लिहू नये, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे.

सर्वोच्च न्यायालयात या मनाईला आव्हान दिले गेल्यानंतर २००८ मध्ये नियमात एक मर्यादित सूट जोडली गेली. तिच्यानुसार वकिलाला परिशिष्टात ठरवून दिलेली माहिती संकेतस्थळावर देता येते: नाव, पत्ता, दूरध्वनी क्रमांक आणि ईमेल, सनदेचा क्रमांक व दिनांक, ज्या राज्याच्या बार कौन्सिलकडे मूळ नोंदणी झाली आणि सध्या ज्या कौन्सिलच्या पटावर नाव आहे त्यांची नावे, तसेच वकील संघटनेचे सदस्यत्व, शैक्षणिक व व्यावसायिक अर्हता, आणि कोणत्या प्रकारची कामे करतो ती क्षेत्रे. ही माहिती खरी असल्याची घोषणाही सोबत द्यावी लागते. ही माहिती बार कौन्सिल ऑफ इंडियाला कळवून आणि तिच्या मान्यतेनेच द्यावयाची आहे, आणि मान्य तपशिलाबाहेर काही जोडले तर तो नियमभंग समजून अधिवक्ता अधिनियम, १९६१ च्या कलम ३५ खाली गैरवर्तनाची कारवाई होऊ शकते. त्या कलमाखाली समज देण्यापासून सनद काही काळ निलंबित करण्यापर्यंत, इतकेच नव्हे तर पटावरून नाव कमी करण्यापर्यंतचे आदेश देता येतात. म्हणून संकेतस्थळाचा मजकूर तयार झाला की तो कौन्सिलला लेखी कळवावा आणि त्या पत्रव्यवहाराची पोच कार्यालयात जपून ठेवावी. हे पाऊल अनेक जण गाळतात. ते गाळू नये, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

अलीकडे हा विषय अधिक कडक झाला आहे. मद्रास उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये, सेवा पुरवठादारांची यादी देणाऱ्या व्यापारी संकेतस्थळांवरून वकिलांची होणारी जाहिरात बेकायदा ठरवून तिच्यावर कारवाई करण्याचे निर्देश दिले. त्यानंतर बार कौन्सिल ऑफ इंडियाने राज्यांच्या कौन्सिलांना पत्रे पाठवली आणि मार्च २०२५ मध्ये समाजमाध्यमांवरील वकिलांच्या जाहिरातींविरुद्ध आणखी एक निवेदन काढले. त्यामुळे महिन्याला ठरावीक रक्कम घेऊन तुमचे नाव यादीत पहिल्या क्रमांकावर ठेवतो, असे सांगणारा फोन आला तर नम्रपणे नकार द्यावा. गूगलवर पैसे देऊन दाखवल्या जाणाऱ्या जाहिरातींचेही तेच. ही बंधने काहींना जाचक वाटतात, परंतु आपल्या भागात त्यांचे कारण जुने आणि खरे आहे. मुंबईच्या दंडाधिकारी न्यायालयाच्या दारात अशिलांना अक्षरशः ओढून नेणाऱ्या वकिलांचे प्रकरण ‘बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र विरुद्ध दाभोळकर’ या खटल्याच्या रूपाने सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले होते, आणि वकिली हा व्यापार नाही हे न्यायालयाने १९७५ मध्ये ठणकावून सांगितले. संकटात सापडलेला माणूस मोठ्या आश्वासनांना लवकर भुलतो. त्याचे संरक्षण व्हावे हा या नियमाचा गाभा आहे.

संकेतस्थळाची मांडणी

पत्ता म्हणजे डोमेन घेताना तो आपल्या स्वतःच्या नावाने, स्वतःच्या ईमेलवरून आणि स्वतः शुल्क भरून नोंदवावा. संकेतस्थळ बनवणाऱ्या व्यक्तीने तो तिच्या खात्यात नोंदवला, तर पुढे ती व्यक्ती फोन उचलेनाशी झाल्यावर नूतनीकरणही करता येत नाही आणि पत्ता दुसरीकडे हलवताही येत नाही. पत्त्यात आपले नाव आणि आडनाव असावे. ‘सर्वोत्तम’, ‘नंबर एक’ किंवा ‘घटस्फोटतज्ज्ञ ठाणे’ असल्या शब्दांनी बनलेला पत्ता हाच मुळी जाहिरात ठरू शकतो.

छोट्या कार्यालयाला दोन किंवा तीन पाने पुरतात. पहिल्या पानावर परिशिष्टात मान्य असलेली माहिती सरळ वाक्यांत द्यावी. नमुना द्यायचा तर असा: ‘सनद क्रमांक अमुक, दिनांक अमुक, महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिल. कामाची क्षेत्रे: सहकारी गृहनिर्माण संस्थांचे वाद, लिव्ह अँड लायसन्स, धनादेश न वटल्याच्या फिर्यादी, वारसा व मिळकतवाटप. कार्यालय: नौपाडा, ठाणे पश्चिम. भेटीची वेळ आधी ठरवावी.’ एवढ्यावर थांबावे. यशस्वी खटल्यांची संख्या, समाधानी अशिलांचे अभिप्राय, तारांकित गुणांकन, नामवंत अशिलांची नावे, फी-सवलत किंवा पहिला सल्ला मोफत अशी वाक्ये यांपैकी काहीही त्या पानावर येता कामा नये. कामाची क्षेत्रे लिहितानाही हात आखडता घ्यावा. दिवाणी, फौजदारी, कौटुंबिक, कामगार, कर, कंपनी, बौद्धिक संपदा अशी वीस क्षेत्रे लिहिणाऱ्या एकट्या वकिलाबद्दल वाचणाऱ्याच्या मनात शंकाच येते. खरोखर करतो ती चार-पाच लिहिली की ती खरी वाटतात.

पत्ता लिहिताना ठाण्यातल्या किंवा नवी मुंबईतल्या माणसाच्या पायांनी विचार करावा. नवी मुंबईत सेक्टर क्रमांक सांगितला आणि नोड (म्हणजे वाशी, बेलापूर यांसारखा विभाग) सांगितला नाही तर पत्ता निरुपयोगी ठरतो, कारण सेक्टर १५ वाशीतही आहे आणि बेलापुरातही. रेल्वे स्थानकाच्या कोणत्या बाजूला, कोणत्या इमारतीत, कितव्या मजल्यावर आणि लिफ्ट आहे की नाही, हेही लिहावे. मिळकतीच्या वादात येणारे बरेच अशील साठीच्या पुढचे असतात. गूगलच्या नकाशावर कार्यालयाची नोंद करायची असेल, तर माझ्या मते ती नाव, पत्ता आणि वेळ एवढ्यापुरतीच ठेवावी, आणि कोणत्याही अशिलाला तिथे चांगला अभिप्राय लिहिण्यास कधीही सांगू नये.

चित्रांचा सोस नसावा. विकत मिळणाऱ्या चित्रसंग्रहांतला लाकडी हातोडा आपल्याकडच्या न्यायालयांत वापरात नाही, आणि परदेशी केसांचे टोप घातलेले न्यायाधीशही नाहीत. अशी चित्रे पाहून वाचणाऱ्याला हे पान आपल्या ओळखीच्या जगातले वाटत नाही. शिवाय ती मोबाइलवर उघडायला वेळ लावतात. बहुतेक लोक संकेतस्थळ मोबाइलवरच पाहतात आणि गूगलही मोबाइलवर दिसणारी आवृत्तीच प्रमाण मानून नोंद करतो, म्हणून काम पूर्ण झाल्यावर ते लोकलमध्ये, कमी नेटवर्कवर, आपल्या साध्या फोनवर उघडून पाहावे.

संपर्काच्या अर्जाबाबत मात्र फार सावध राहावे. ‘आपली संपूर्ण समस्या येथे लिहा’ असा मोठा रकाना ठेवला, तर लोक त्यात सगळे लिहितात: पत्नीचे नाव, बँकेचे व्यवहार, गुन्ह्याची कबुली. उद्या कळते की त्याच प्रकरणातली दुसरी बाजू आपल्याकडे आधीच अशील आहे. मग एका बाजूची गुप्त माहिती हाती आल्यामुळे दोन्ही बाजूंचे काम सोडण्याची वेळ येऊ शकते. वकील आणि अशील यांच्यातील संवादाला भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम १३२ चे संरक्षण आहे, पण अनोळखी व्यक्तीने अर्जात ओतलेल्या मजकुराचे स्वरूप त्या घटकेला काय, हा वाद ओढवून घेण्याचे कारण नाही. अर्जात नाव, फोन नंबर, भेटीची सोयीची वेळ आणि विरुद्ध पक्षाचे नाव एवढेच रकाने ठेवावेत. विरुद्ध पक्षाचे नाव आधी कळले की हितसंबंधांचा संघर्ष भेटीपूर्वीच तपासता येतो. ‘हा अर्ज भरल्याने वकील-अशील संबंध निर्माण होत नाही’ हे वाक्य अर्जाच्या वर, ठळक अक्षरांत आणि मराठीत असावे. आलेली माहिती कोण वाचतो आणि किती दिवस ठेवली जाते हेही लिहून टाकावे. वैयक्तिक विदा संरक्षणाचा २०२३ चा कायदा आल्यापासून हा प्रश्न सौजन्यापुरता राहिलेला नाही.

लेखन: काय लिहावे आणि कोणासाठी

नियम ३६ मध्ये ब्लॉगचा उल्लेख नाही. परिशिष्टाचे शब्द काटेकोरपणे घेतले, तर आपल्या व्यावसायिक संकेतस्थळावर मान्य माहितीखेरीज काहीही जोडणे धोक्याचे आहे. म्हणून माझा सल्ला असा की कायदेविषयक लेख वेगळ्या पत्त्यावर ठेवावेत, त्यांखाली केवळ लेखकाचे नाव, ‘अधिवक्ता’ हा शब्द आणि शहर द्यावे, फोन नंबर देऊ नये, आणि लेखाच्या शेवटी ‘अशा प्रकरणांसाठी आजच संपर्क साधा’ असे वाक्य चुकूनही लिहू नये. वकिलांनी वृत्तपत्रांतून कायदा समजावून सांगणारी सदरे लिहिण्याची परंपरा मराठीत जुनी आहे. ती सदरे मान्य राहिली, कारण त्यांचा विषय कायदा होता, लेखकाची वकिली नव्हती. लेखन त्या जातीचे ठेवावे. वाचकाला गरज पडली तर तो नाव शोधून काढतोच.

विषय निवडताना बहुतेक जण सर्वोच्च न्यायालयाचा ताजा निकाल उचलतात. त्यावर देशभरातील मोठ्या कायदा-वृत्तसंस्था त्याच दिवशी लिहितात, आणि ठाण्यातल्या एकट्या वकिलाने चार दिवसांनी लिहिलेला सारांश कोणी वाचत नाही. ज्या प्रश्नांना स्थानिक उत्तर आहे ते मात्र त्या मोठ्या संस्था लिहीत नाहीत, आणि तिथेच छोट्या कार्यालयाचे ज्ञान मोलाचे आहे. खारघर, कामोठे, कळंबोली येथे राहणारा माणूस स्वतःला नवी मुंबईकर म्हणतो, परंतु हे नोड रायगड जिल्ह्यातील पनवेल तालुक्यात येतात, तर वाशी, नेरुळ, ऐरोली ठाणे जिल्ह्यात. आपला दावा बेलापूरला दाखल होणार की पनवेलला, हे त्याला ठाऊक नसते, आणि हे साधेपणाने सांगणारे मराठी पान शोधूनही मिळणे कठीण. तसेच मानीव अभिहस्तांतरणाचे, म्हणजे बिल्डरने जमीन-इमारत सोसायटीच्या नावे करून दिली नाही तर ती प्राधिकाऱ्यामार्फत करून घेण्याचे. ठाण्यातील सोसायटीने मोफा कायदा (महाराष्ट्र मालकी हक्काच्या सदनिकांविषयीचा अधिनियम), १९६३ च्या कलम ११ खाली जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज कसा करायचा, हा एक लेख. आणि नवी मुंबईत जमीन बहुतांशी सिडकोच्या भाडेपट्ट्यावर असल्याने तिथल्या सोसायटीची वाट कशी वेगळी होते, हा दुसरा. सिडकोच्या साडेबारा टक्के योजनेतील (संपादित जमिनीच्या बदल्यात मिळालेल्या) भूखंडांचे वारसाहक्क, घोडबंदर रस्त्यावरील रखडलेल्या प्रकल्पातील खरेदीदाराचे महारेराकडील मार्ग, वागळे इस्टेट किंवा टीटीसी (ठाणे-बेलापूर) औद्योगिक पट्ट्यातील लघुउद्योजकाची थकलेली देयके, असे विषय ज्या वकिलाने प्रत्यक्ष हाताळले आहेत त्यालाच नीट लिहिता येतात.

एक लेख जवळून पाहू. लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपली, पण राहणारा जागा सोडत नाही, हा प्रश्न ठाणे-नवी मुंबईत सर्वत्र आहे. सामान्यपणे लेखाची सुरुवात अशी होते: ‘महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा एक महत्त्वपूर्ण कायदा असून त्यात विविध तरतुदी अंतर्भूत आहेत.’ ज्याच्या फ्लॅटमध्ये दुसराच कोणी बसला आहे, तो माणूस हे वाक्य वाचून पान बंद करतो. त्याऐवजी पहिल्याच परिच्छेदात त्याच्या प्रश्नाचे उत्तर द्यावे: ‘राहण्यासाठी दिलेल्या जागेच्या कराराची मुदत संपूनही ताबा मिळत नसेल, तर जागामालकाला दिवाणी दाव्याऐवजी भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, आणि मुदतीनंतरच्या काळासाठी ठरलेल्या शुल्काच्या दुप्पट दराने भरपाई मागता येते.’ मग लगेच अटी सांगाव्यात: ही वाट निवासी जागेसाठी आहे, दुकान किंवा गाळ्यासाठी नाही; करार लेखी असला पाहिजे; आणि कलम ५५ प्रमाणे त्याची नोंदणी करून घेण्याची जबाबदारी जागामालकाचीच आहे, ती न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात, शिवाय अटींबाबत राहणाऱ्याचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. त्यानंतर काय करू नये ते लिहावे: कुलूप बदलणे, वीज-पाणी तोडणे, सामान बाहेर काढणे यांमुळे न्याय्य बाजू असलेला मालक स्वतःच आरोपी होऊ शकतो. शेवटी कोणती कागदपत्रे जवळ ठेवावीत याची यादी द्यावी आणि लेख तिथेच संपवावा. असा लेख वाचून आलेला माणूस नोंदणीकृत करार, नोटिसांच्या पोचपावत्या आणि बँकेचे उतारे घेऊनच येतो, आणि पहिल्या भेटीतला अर्धा तास वाचतो. लेखनाचा खरा मोबदला मला यात दिसतो.

धनादेशाच्या विषयावरील लेखात मुदतींना पहिले स्थान द्यावे, कारण तिथे उशीर झाला की चांगली फिर्यादही हातची जाते. बँकेकडून धनादेश परत आल्याची माहिती मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस, ती मिळाल्यापासून पैसे देण्यासाठी १५ दिवस, आणि ते उलटल्यावर एक महिन्यात फिर्याद, हा क्रम तारखांचे उदाहरण घेऊन मांडावा. २०१५ च्या दुरुस्तीनंतर, धनादेश खात्यात वटवण्यासाठी भरला असेल तर ज्या शाखेत घेणाऱ्याचे खाते आहे तेथील न्यायालयाला अधिकार मिळतो. त्यामुळे धनादेश देणारा पुण्याचा असला तरी वाशीच्या शाखेत खाते असलेल्या व्यापाऱ्याला पुण्याला खेटे घालावे लागत नाहीत. एपीएमसी बाजारातील व्यापाऱ्याला या एका वाक्यासाठी तो लेख वाचावासा वाटेल.

भाषा, लिपी आणि कलमांचे आकडे

मराठीत लिहिणे हा सोयीचा प्रश्न मानू नये. खालच्या न्यायालयांची भाषा मराठी, अशिलाची भाषा मराठी, आणि तरीही आपल्या बहुतेक वकिलांची संकेतस्थळे केवळ इंग्रजीत आहेत. मात्र इंग्रजी मजकूर यंत्राकडून भाषांतरित करून चढवू नये; ‘प्रतिवादी’ आणि ‘आरोपी’ यांची अदलाबदल झालेला लेख एखाद्या सुशिक्षित वाचकाने पाहिला तर नाव कायमचे जाते. पारिभाषिक शब्दांसाठी भाषा संचालनालयाचा न्यायव्यवहार कोश हाताशी ठेवावा, पण लोकांच्या तोंडी असलेला शब्द टाळूही नये. ‘मनाई हुकूम’ लिहिताना एकदा ‘स्टे’ हाही शब्द यावा, ‘अभिहस्तांतरण’ लिहिताना ‘कन्व्हेयन्स’ यावा, कारण शोधणारा तेच लिहून शोधतो.

हाच न्याय कलमांच्या आकड्यांना लावावा. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष अधिनियम लागू झाले, तरी लोक अजून ‘४२०’, ‘४९८अ’ आणि ‘कलम १२५ ची पोटगी’ असेच विचारतात. लेखात नवे कलम प्रथम आणि जुने त्याच वाक्यात द्यावे: पोटगीसाठी नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४, पूर्वीचे १२५, फसवणुकीसाठी न्याय संहितेचे ३१८, पूर्वीचे ४२०, अटकपूर्व जामिनासाठी ४८२, पूर्वीचे ४३८. त्या तारखेपूर्वी घडलेल्या गुन्ह्याला जुनी दंडसंहिताच लागू राहते, हेही सोबत लिहावे, अन्यथा वाचणारा गोंधळतो.

लिपीची एक तांत्रिक अडचण आपल्या कार्यालयांत हमखास येते. न्यायालयीन टंकलेखन करणाऱ्या पुष्कळ संगणकांवर अजून श्रीलिपी, कृतिदेव यांसारखे जुने फॉन्ट वापरले जातात. त्यात टंकलेला दावा छापल्यावर सुंदर दिसतो, परंतु तोच मजकूर उचलून संकेतस्थळावर चिकटवला की इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते, आणि गूगललाही तो मराठी म्हणून ओळखता येत नाही. संकेतस्थळासाठीचे सर्व लेखन पहिल्यापासून युनिकोडमध्ये करावे. जुना मजकूर बदलण्याची परिवर्तके मिळतात, पण जोडाक्षरे आणि रफार बिघडतात, म्हणून बदलल्यावर शब्दन् शब्द वाचून काढावा. करारनाम्याचा स्कॅन केलेला फोटो लेख म्हणून टाकणेही व्यर्थ, कारण त्यातील अक्षरे शोधात येत नाहीत.

निकाल उद्धृत करताना उच्च न्यायालयाच्या किंवा सर्वोच्च न्यायालयाच्या अधिकृत संकेतस्थळावरून मूळ निकाल उघडून स्वतः वाचल्याखेरीज त्याचा दाखला देऊ नये. संगणकाने तयार करून दिलेल्या मजकुरात अस्तित्वातच नसलेले निकाल असू शकतात. निकालाचा मूळ मजकूर वापरायला हरकत नाही, परंतु खासगी निकालपत्रांच्या प्रकाशकांनी तयार केलेल्या हेडनोट (निकालाच्या आरंभी दिलेले सारांश) त्यांच्या मालकीच्या असतात; त्या उचलून लावू नयेत.

अशिलाची गोष्ट

आपण चालवलेल्या प्रकरणावर लिहिण्याचा मोह सर्वांत मोठा असतो आणि तो सर्वांत कटाक्षाने आवरावा. नाव बदलले म्हणून ओळख लपत नाही. ‘नेरुळमधील एका शाळेतील शिक्षिका आणि तिचा मर्चंट नेव्हीतील पती’ एवढे लिहिले तरी त्या इमारतीतल्या प्रत्येकाला कोण ते कळते. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात पीडितेची ओळख उघड करणे हा न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हाच आहे, आणि बालकांच्या प्रकरणात पोक्सो कायद्याचे कलम २३ आहे. पण जिथे कायदा आड येत नाही तिथेही, अशिलाने आपल्या खोलीत बसून रडत सांगितलेली गोष्ट आपल्या लेखाचे साहित्य होऊ शकत नाही. उदाहरण हवे असेल तर पूर्ण काल्पनिक रचावे आणि ते काल्पनिक आहे असे लिहावे. चालू प्रकरणावर तर एक अक्षरही लिहू नये.

लेख लोकांपर्यंत पोहोचवणे आणि सांभाळणे

सोसायटीच्या, नातेवाइकांच्या आणि शाळासोबत्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर दर आठवड्याला लेखाचा दुवा टाकणे हे परिपत्रक वाटण्यासारखेच आहे. गटात कोणी प्रश्न विचारला आणि आपला लेख त्याचे उत्तर असेल, तर तेवढ्यापुरता दुवा द्यावा. संकेतस्थळ गूगल सर्च कन्सोल या मोफत साधनाशी जोडून घ्यावे. लोक नेमके कोणते शब्द लिहून आपल्या पानापर्यंत आले, हे त्यात दिसते, आणि पुढच्या लेखाचे विषय तिथेच मिळतात. ‘सोसायटी एनओसी देत नाही’, ‘मृत्युपत्र नोंदणी ठाणे’, ‘भाऊ वाटणी देत नाही काय करावे’ अशा शोधांमागे खरा, अडलेला माणूस असतो. किती जणांनी पान पाहिले या आकड्याच्या मागे लागू नये. महिन्याला पन्नासच वाचक आले आणि ते कळवा, कोपरी, कोपरखैरणे येथले असले, तर ते देशभरातल्या पाच हजारांपेक्षा अधिक उपयोगाचे.

दोन महिन्यांतून एक लेख पुरे, पण जुना लेख शिळा राहता कामा नये. सोसायट्यांच्या पुनर्विकासावर राज्य शासनाच्या ३ जानेवारी २००९ च्या निर्देशांवरून लिहिलेले लेख अजून फिरत आहेत, जेव्हा त्यांची जागा ४ जुलै २०१९ च्या निर्देशांनी घेतली आहे. ते वाचून एखाद्या सोसायटीने चुकीच्या बहुमतावर ठराव केला, तर पुढची वर्षे वादात जातात. प्रत्येक लेखाच्या माथ्यावर ‘शेवटची तपासणी’ असा दिनांक द्यावा, आणि दिवाळीच्या किंवा उन्हाळ्याच्या सुट्टीत न्यायालये बंद असताना सगळे लेख एकदा वाचून काढावेत. जो लेख दुरुस्त करायला वेळ नाही तो सरळ काढून टाकावा.

लेखांखाली प्रतिक्रिया लिहिण्याची सोय बंद ठेवणेच उत्तम. तिथे लोक स्वतःच्या खटल्याची माहिती नावानिशी लिहितात, विरुद्ध पक्ष ती वाचू शकतो, आणि कागदपत्रे न पाहता दिलेल्या दोन ओळींच्या उत्तरावर विसंबून कोणी मुदत चुकवली तर त्याचे नुकसान भरून निघत नाही. कोणी लेख वाचून ईमेलने प्रश्न विचारलाच, तर मुदतीचा धोका दिसत असल्यास तेवढे त्याच दिवशी कळवावे, कागदपत्रे घेऊन जवळच्या कोणत्याही वकिलाकडे जाण्यास सांगावे, आणि ज्यांना वकिलाचा खर्च परवडत नाही अशांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा रस्ता दाखवावा. महिला, मुले, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती, अपंग व्यक्ती आणि कोठडीत असलेले यांना विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ खाली उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो, ही माहिती प्रत्येक लेखाच्या तळाशी कायम ठेवण्यासारखी आहे.